आठवीतल्या मुलाला कोण विचारतं?

ऑटिझमची तपासणी म्हटलं की आजही डोळ्यांसमोर येतं ते दीड-दोन वर्षांचं मूल. हाक मारली तरी वळून न बघणारं, बोट दाखवून काही न मागणारं. लवकर ओळखण्यावर दिलेला हा भर योग्यच होता. पण त्या वयात ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, ती मुलं पुढे आठवी-नववीच्या बाकांवर येऊन बसली. अस्खलित बोलणारी, बऱ्यापैकी मार्क मिळवणारी. गेल्या चार दशकांत त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे जे प्रयत्न झाले, ते फार थोडे आहेत.

1981 मध्ये लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पर्गर यांचं जवळजवळ विस्मरणात गेलेलं काम पुढे आणलं. बुद्धी आणि भाषा चांगली असूनही माणसांमध्ये वावरताना अडखळणाऱ्या मुलांकडे त्यामुळे पहिल्यांदा नीट पाहिलं गेलं. मग स्वीडनमध्ये, गोथेनबर्गच्या साध्या शाळांत, स्टेफान एलर्स आणि ख्रिस्तोफर गिलबर्ग यांनी 7 ते 16 वयाची मुलं तपासली. 1993 च्या त्यांच्या निबंधात अशा मुलांचं, म्हणजे आस्पर्गर सिंड्रोमचं, प्रमाण हजारी किमान 3.6 निघालं. त्यांची 27 प्रश्नांची ‘एएसएसक्यू’ ही प्रश्नावली शिक्षक किंवा पालक काही मिनिटांत भरू शकतात. मूल वयाला न शोभेलसं पुस्तकी बोलतं का, एखाद्या विषयाची माहिती नुसती साठवत जातं का, असे ते प्रश्न आहेत. इतर मुलं त्याला छळतात का, हाही एक प्रश्न आहे. तो मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे ‘मुलं चिडवतातच’ म्हणून जे सोडून दिलं जातं, त्याची तिथे लक्षण म्हणून नोंद होते.

हीच प्रश्नावली दक्षिण कोरियातल्या गोयांगमध्ये वापरली गेली. यंग शिन किम आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. 7 ते 12 वर्षांच्या सुमारे 55 हजार मुलांच्या त्या अभ्यासात ऑटिझमचं प्रमाण आलं 2.64 टक्के. ऑटिझम आढळलेल्यांपैकी दोन तृतीयांश मुलं साध्या शाळांत शिकत होती, निदान नाही आणि मदतही नाही, अशा स्थितीत.

2013 हे वर्ष आपल्यासाठी महत्त्वाचं. फेब्रुवारीत पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. वयोमर्यादा 18 पर्यंत, आणि तपासायच्या 30 बाबींमध्ये ऑटिझमही. कागदावर माध्यमिक शाळा त्यात आली. प्रत्यक्षात तपासणीचं पथक शाळेत येतं वर्षातून एकदा. वजन-उंची, दात, डोळे, अशक्तपणा, त्वचा हे सगळं एका रांगेत पाहायचं असतं. त्या रांगेत उभा असलेला, विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर देणारा मुलगा डॉक्टरांच्या नजरेत भरणार तरी कसा? पथकाचा यात दोष नाही. काही मिनिटांत दिसणारी ही गोष्टच नव्हे.

त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या अमेरिकन निदान-नियमावलीने, ‘डीएसएम-5’ने, एक गोष्ट स्पष्ट लिहिली. लक्षणं बालपणापासून असतात, पण आजूबाजूच्या अपेक्षा मुलाच्या कुवतीपलीकडे जाईपर्यंत ती पूर्णपणे दिसतीलच असं नाही, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांमागे झाकली जाऊ शकतात. अपेक्षा वाढतात त्या नेमक्या पाचवी ते आठवीच्या दरम्यान. प्राथमिक शाळेत एक बाई असतात, त्यांना मूल सगळ्या बाजूंनी ठाऊक असतं. माध्यमिकमध्ये दर तासाला शिक्षक बदलतो. गणिताच्या सरांना हुशार मुलगा दिसतो, मराठीच्या बाईंना निबंधात एकाच विषयावर घसरणारा, पीटीच्या सरांना कोणत्याच संघात न घेतला गेलेला. तो एकच मुलगा आहे हे जुळवून पाहणारं कुणी नसतं.

मुलींचं तर आणखी अवघड. अशी मुलगी मधल्या सुट्टीत मैत्रिणींच्या घोळक्यातच असते. सगळ्या हसल्या की क्षणभर उशिरा हसते. कुणाचे हावभाव, कुणाचं बोलणं उचलते. घरी आली की दप्तर टाकून अंधाऱ्या खोलीत पडून राहते, जेवायला बोलावलं तर चिडते. शाळा म्हणते, काहीच तक्रार नाही. आई म्हणते, वयच तसं आहे. हे झाकणं मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध व्हायला 2019 उजाडलं, आणि तीही मोठ्यांसाठी.

केंब्रिजच्या संशोधकांनी 12 ते 15 वयासाठी केलेल्या ‘एक्यू’ प्रश्नावलीतही उत्तरं द्यायची ती पालकांनी. आपल्याकडची 2009 ची ‘इसा’ ही ऑटिझमची मोजपट्टी 40 बाबींची. तिचा मुख्य उपयोग अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी होतो, आणि नीट बोलणारा मुलगा तिच्या 70 गुणांच्या उंबरठ्याखाली राहून जाण्याची शक्यता मोठी. 1995 च्या अपंग कायद्यात ऑटिझम (स्वमग्नता) नव्हता, 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत तो आला. दहावीच्या परीक्षेत सवलतीही मिळतात. त्यामुळे बऱ्याच घरांत धावपळ सुरू होते ती बोर्डाचा फॉर्म भरायच्या सुमारास. तोवर मुलाची चिडवाचिडवीत, एकटेपणात तीन-चार वर्षं गेलेली असतात.

सरसकट सगळ्या मुलांच्या हाती प्रश्नावली द्यावी, असं मी म्हणणार नाही. गुण जास्त आले म्हणजे निदान झालं असं नव्हे, आणि पुढे न्यायला तज्ज्ञ जवळ नसेल तर हाती फक्त शिक्का राहतो. पण सातवी-आठवीच्या वर्गाला शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांनी पहिल्या सत्रात एकदा एकत्र बसावं आणि प्रत्येक मुलाबद्दल आपापलं निरीक्षण सांगावं. ज्याच्याविषयी काळजी वाटेल, त्याच्याशी एकट्याशी, निवांत बोलावं: मधली सुट्टी कशी जाते, कोणता आवाज सहन होत नाही, घरी गेल्यावर किती थकायला होतं. तेरा-चौदा वर्षांचं मूल या प्रश्नांची उत्तरं स्वतः देऊ शकतं. ही बैठक घ्यायला शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही, मुख्याध्यापकांनी ठरवलं तर ती याच वर्षी होऊ शकते.