डिस्चार्जनंतरचे ३० दिवस: आजोबांचा स्कोअर ११

लोकलमध्ये ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवा, आज जरा आकडेमोड आहे.

गेल्या वर्षी आजोबांना धाप लागली म्हणून नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात नेलं. हार्ट फेल्युअर, जोडीला जुनी शुगर. पाच दिवसांनी डिस्चार्ज मिळाला, आम्ही खूश. अकराव्या दिवशी रात्री दोनला पुन्हा तीच धाप. पायांना सूज चार दिवस आधीच आली होती, पण आम्हाला वाटलं, बसून बसून आली असेल. रिक्षा जवळच्या, म्हणजे दुसऱ्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेली. डॉक्टरांनी विचारलं, "आधीची फाइल कुठाय?" फाइल घरी, कपाटात.

मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. आजोबा सावरल्यावर पहिला प्रश्न हाच पडला, की हे आधी ओळखता आलं नसतं का?

बऱ्यापैकी आलं असतं. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये ४,८१२ पेशंटांचा पाठपुरावा करून २०१० मध्ये 'लेस' नावाचा स्कोअर मांडला गेला. त्यात चारच गोष्टी बघतात: किती दिवस ॲडमिट होता, इमर्जन्सीतून आला का, सोबत कुठले आजार आहेत आणि आधीच्या सहा महिन्यांत किती वेळा कॅज्युअल्टी गाठली. जास्तीत जास्त १९ गुण. १० किंवा वर गेलात, तर ३० दिवसांत अचानक पुन्हा भरती होण्याचा किंवा दगावण्याचा धोका जास्त. आजोबांचे पाच दिवसांचे ४, कॅज्युअल्टीतून आले म्हणून ३, हार्ट फेल्युअर आणि शुगर मिळून ३, आधीची एक फेरी १. झाले ११.

पण थांबा, हे काही भविष्य नाही. परत आलेला एक आणि न आलेला एक अशी जोडी समोर ठेवली, तर परत आलेल्याला जास्त गुण देणं या स्कोअरला शंभरातून साधारण ६८ वेळा जमतं. नाणं उडवलं तरी ५० वेळा जमलं असतं! घरी औषधं कोण देतं, डोळ्यांना दिसतं का, हे त्याला माहीतच नसतं. मॉन्ट्रियलमध्ये १९९९ साली कॅज्युअल्टीत येणाऱ्या ६५ वर्षांपुढच्यांसाठी जी सहा प्रश्नांची यादी झाली, तिच्यात हेच विचारतात: आधीपासून मदत लागायची का, आता जास्त लागते का, सहा महिन्यांत भरती झाली होती का, नजर, विसराळूपणा आणि तीनपेक्षा जास्त औषधं. दोन उत्तरं धोक्याकडे झुकली की लक्ष ठेवायचं. आजोबांना औषधं सात!

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. मॉडेल शिकतं ते जुन्या नोंदींवरून, कोण परत आला आणि कोण नाही. आजोबा परत आले, पण दुसरीकडे. म्हणजे पहिल्या हॉस्पिटलच्या डेटाबेसमध्ये ते ठणठणीत बरे! त्या डेटावर मॉडेल बसवलं, तर ते आजोबांसारख्यांना 'धोका नाही' म्हणायला शिकेल. कितीही भारी अल्गोरिदम लावा. अमेरिकेत मेडिकेअर २०१२ पासून अशा परत भरत्यांबद्दल हॉस्पिटलांचे पैसे कापतं, आणि पेशंट कुठल्याही हॉस्पिटलात परतला तरी मोजतं, कारण बिल शेवटी त्याच्याकडेच जातं. आपल्याकडे वाशीला भरती, घरी गेल्यावर नेरूळला कॅज्युअल्टी, आणि बिल कधी विमा भरतो, कधी मुलगा यूपीआयनं. धागा जोडणार कोण?

त्यासाठीच १४ अंकी आभा क्रमांक आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ च्या सप्टेंबरात देशभर सुरू झालं. दोन्ही हॉस्पिटलांनी नोंदी त्या क्रमांकाला जोडल्या आणि पेशंटनं संमती दिली, तर रात्री दोनला फाइल कपाटात अडकत नाही. जोडल्या तर, हं.

आजोबांचा आभा काढायला मागच्या रविवारी बसलो. ओटीपी गेला आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर बंद होऊन सहा वर्षं झाली. शनिवारी आधार केंद्रात जायचंय, आजोबा म्हणतात रिक्षा नको, चालत जाऊ.