जनुकीय आणि आनुवंशिक : कमल रणदिवे यांच्या संशोधनाच्या निमित्ताने

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गातली एक विद्यार्थिनी तास संपल्यावर मागे थांबली. खानवेलकडची मुलगी. तिच्या धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर झाला होता. मुंबईला उपचार चालू होते आणि तो सुधारत होता. अडचण वेगळीच होती. तिचे जुळत आलेले लग्न मोडले होते. मुलाकडची मंडळी एवढेच म्हणाली होती, ‘तुमच्या रक्तातच आहे ते.’ भावाच्या फाइलमध्ये ‘जेनेटिक टेस्ट’ असा कागद होता आणि ‘जेनेटिक’ म्हणजे ‘आनुवंशिक’ असे कोणीतरी मोबाइलवर पाहून सांगितले होते. तिने मला विचारले, ‘मॅडम, तुम्ही मराठी शिकवता. हे दोन शब्द एकच आहेत का?’

मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. मी साहित्याची विद्यार्थिनी. जीवशास्त्राशी माझा संबंध बारावीतच संपला. पण प्रश्न शब्दाचा होता, म्हणून तो माझाच होता. पुढचे काही आठवडे मी वाचत राहिले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडते.

पहिला घोटाळा आपल्या बोलण्यातच आहे. मराठीत रक्त म्हणजे वंश. रक्ताचे नाते, एका रक्ताची माणसे, ‘गाणे त्याच्या रक्तातच आहे’: या सर्व प्रयोगांत रक्त पिढीकडून पिढीकडे वाहते. अशा भाषेत ‘रक्ताचा कॅन्सर’ म्हटले की ऐकणारा नकळत ‘कुळाचा कॅन्सर’ असे ऐकतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरला हा शाप नाही. आमच्या दादरा आणि नगर हवेलीत तर आणखी एक कारण आहे. इथल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आजार बराच आढळतो आणि तो खरोखरच आई-वडिलांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी रक्त तपासा, असे आमच्या गावोगावी सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. पण सिकलसेलबद्दल शिकलेला धडा लोक रक्ताच्या दुसऱ्या आजाराला लावतात. सिकलसेल तांबड्या पेशींचा, ल्युकेमिया पांढऱ्या पेशींचा. एक जन्माबरोबर येतो, दुसरा बहुतेक वेळा आयुष्यात केव्हातरी घडतो.

‘घडतो’ म्हणजे काय, हे समजायला १९६० सालापर्यंत मागे जावे लागते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना एका प्रकारच्या ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. तेरा वर्षांनी शिकागोच्या जॅनेट राउली यांनी त्याचा उलगडा केला : नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे एकमेकांशी बदलले होते. पुस्तक बांधताना दोन फर्म्यांची पाने चुकून एकमेकांत जावीत, तसे. ही अदलाबदल हाडाच्या मगजातल्या एका पेशीत होते आणि त्या पेशीची पिल्लावळ वाढत जाते. त्याच रुग्णाच्या कातडीच्या पेशी तपासल्या तर गुणसूत्रे जागच्या जागी असतात. बीजांडात किंवा शुक्राणूत हा बदल नसतो, म्हणून तो मुलांकडे जात नाही. म्हणजे आजार जनुकांतल्या बदलाचा आहे, तरी वारशाचा नाही. त्या एका अदलाबदलीवर नेमके काम करणारे औषध २००१ मध्ये वापरात आले, आणि ‘जेनेटिक टेस्ट’ करतात ती बहुधा असे औषध व उपचार ठरवण्यासाठी. घराण्याची चौकशी करणे हा तिचा हेतू नसतो.

वाचताना मी सर्वांत जास्त रेंगाळले ते मात्र एका मराठी बाईपाशी. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. एम.एस्सी.ला त्यांनी अभ्यासली ती सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रे. (पुणेकर मुलीने सीताफळापासून सुरुवात करावी, हे मला फार आवडले.) लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झाल्या. पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकून त्या परत आल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा, अन्ननलिकेचा आणि रक्ताचा कर्करोग हे त्यांच्या अभ्यासाचे विषय.

त्यांच्या कामाचा एक धागा आपल्या प्रश्नाशी थेट भिडतो. उंदरांच्या काही कुळांत स्तनाचा कर्करोग आईकडून लेकीकडे हटकून जातो. कोणीही म्हणेल, आनुवंशिक आहे. पण १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी दाखवले की अशा कुळातली पिल्ले जन्मताच दुसऱ्या कुळातल्या मादीच्या अंगावर पाजली, तर रोगाचे प्रमाण खूप घटते. दोष रक्तात नव्हता, दुधात होता; तो विषाणू निघाला. त्याच वेळी हेही दिसले की सगळीच कुळे त्या विषाणूला सारखी बळी पडत नाहीत आणि हार्मोन्सचाही त्यात वाटा असतो. आनुवंश, हार्मोन आणि विषाणू यांचा हा तिहेरी गुंता रणदिवे यांनी मुंबईत उंदरांच्या कुळांवर अनेक वर्षे तपासला. आईकडून आले म्हणजे जनुकांतून आले असे नाही, आणि जनुकांतून आले तरी तेवढ्याने रोग होतोच असे नाही. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह स्थापन केलेली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना आजही आहे.

माणसांतही असाच फसवा प्रकार सापडतो. एकरूप जुळ्यांपैकी एकाला तान्हेपणी ल्युकेमिया झाला, तर दुसऱ्यालाही होण्याचा धोका फार मोठा असतो. कारण वारसा नव्हे. गर्भात अशा जुळ्यांची वार बहुधा एकच असते आणि एकाच्या रक्तातली बिघडलेली पेशी दुसऱ्याकडे वाहून जाते.

मग आनुवंशिक कर्करोग नाहीच का? आहे. कर्करोगांपैकी साधारण पाच ते दहा टक्क्यांमागे वारशाने आलेला जनुकीय बदल असतो. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाच्या कर्करोगाशी निगडित असा एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. तोच आज बीआरसीए-१ म्हणून ओळखला जातो. त्यातला बदल मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. पण जाते ती प्रवणता, रोग नव्हे. क्वचित काही कुटुंबांत ल्युकेमियाची प्रवणताही अशी येते. एका घरात अनेकांना झाला असेल तर डॉक्टर त्या दृष्टीने तपासतात.

तेव्हा शब्दांचा प्रश्न. ‘जनुकीय’ म्हणजे जनुकांशी संबंधित. ‘आनुवंशिक’ म्हणजे वंशामागून आलेले. दुसरा प्रकार पहिल्यात मोडतो, पहिला दुसऱ्यात मोडत नाही. मात्र आपण ‘जेनेटिक्स’लाच आनुवंशिकी म्हणतो, त्यामुळे तिथला प्रत्येक शब्द वंशाचा वाटतो. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या मित्रांना माझे सांगणे एवढेच की कर्करोगाच्या धड्यात ‘आनुवंशिक’ हा शब्द हात राखून वापरावा, आणि तो बदल जन्माआधीचा की नंतरचा हे त्याच वाक्यात सांगावे.

हे सगळे मी त्या मुलीसाठी अर्ध्या पानात लिहिले आणि एका डॉक्टर परिचितांकडून तपासून घेतले. तिने ते वाचले, म्हणाली, ‘आजीला नाही कळणार.’ मग माझ्याच टेबलावर बसून तिने ते वारलीत उतरवले. ‘गुणसूत्र’ गेले, ‘पेशी’ राहिली. ‘रक्ताचा कॅन्सर’ तिने दोन्ही ठिकाणी खोडला आणि नळीच्या हाडातल्या मगजाचा आजार असे लिहिले.