तंगीचा भार डोक्यावर

गरीब माणूस पैशांचे निर्णय चुकीचे घेतो म्हणून गरीब राहतो, असं बिनदिक्कत म्हटलं जातं. आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी २०१३ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हा समज उलट बाजूने तपासला. तमिळनाडूतल्या विल्लुपुरम आणि तिरुवन्नामलै जिल्ह्यांतल्या ४६४ ऊस उत्पादकांची त्यांनी तोडणीआधी आणि नंतर चाचणी घेतली. माणूस तोच, पण उसाचे पैसे एकदाच हाती येत असल्याने आधी तंगी, नंतर सुबत्ता. तोडणीआधी ७८ टक्के शेतकऱ्यांची काही ना काही वस्तू गहाण होती, नंतर फक्त ४ टक्क्यांची. एका चाचणीत ‘५ ५ ५’ असं दाखवून आकडे किती आहेत, हे विचारायचं. उत्तर तीन, पण ओठांवर पाच येतो आणि तो आवरावा लागतो. पैसे आल्यावर हेच शेतकरी अधिक झटपट आणि कमी चुकत उत्तरं देऊ लागले.

दुसऱ्या वेळी सराव झाला असेल, ही शंका रास्त आहे. म्हणूनच काही शेतकऱ्यांची पहिली चाचणी तोडणीनंतरच घेतली. त्यांचेही निकाल तसेच चांगले आले. ऋतूचा परिणाम म्हणावा, तर कारखान्याच्या वेळापत्रकामुळे प्रत्येकाची तोडणी वेगवेगळ्या वेळी होते. खरा आक्षेप पुढे आला: २०१६ मध्ये अमेरिकेत पगाराआधी आणि नंतर घेतलेल्या चाचण्यांत असा फरक आढळला नाही. माझ्या मते त्याने तमिळनाडूतला निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण त्याची व्याप्ती आखडते. काही दिवसांवर आलेल्या पगाराची वाट पाहणं आणि कित्येक महिने दागिना गहाण ठेवून जगणं, यांचा ताण सारखा नसतो.