बदल्यांतून घडलेला प्रशिक्षक

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये ज्यांच्या नावावर तिकिटे खपतात असे खेळाडू थोडे. त्यांच्यामागे जो मोठा वर्ग असतो, तो दर दोन-तीन वर्षांनी शहर बदलणाऱ्या, कधी दहा मिनिटे खेळणाऱ्या तर कधी राखीव बाकावर बसूनच सामना संपवणाऱ्या, आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला बिनतक्रार हजर होणाऱ्या खेळाडूंचा असतो. या वर्गातून नाणावलेले प्रशिक्षक वारंवार निपजतात. असे का व्हावे, या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर टायरॉन ल्यू याच्या कारकिर्दीत सापडते, असे मला वाटते.

मिझुरी राज्यातील मेक्सिको नावाच्या छोट्या गावी १९७७ मध्ये जन्मलेला, जेमतेम सहा फूट उंचीचा हा पॉइंट गार्ड नेब्रास्का विद्यापीठाकडून खेळला. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, २३ व्या क्रमांकावर त्याला डेन्व्हरने निवडले आणि लगोलग लॉस एंजेलिस लेकर्सच्या हवाली केले. एन.बी.ए. या व्यावसायिक साखळीतील करारनाम्याचे वैशिष्ट्य असे की, काही मोजके मातब्बर वगळता, खेळाडूची संमती न विचारता संघ त्याचा करार दुसऱ्या संघाकडे वर्ग करू शकतो. सरकारी नोकराला बदलीचा हुकूम यावा तसा निरोप येतो, आणि बिऱ्हाड उचलावे लागते. ल्यूने लेकर्सनंतर वॉशिंग्टन, ओरलँडो, ह्यूस्टन, अटलांटा, डॅलस, मिलवॉकी आणि पुन्हा ओरलँडो अशी मजल-दरमजल केली. मध्यंतरी २००८ मध्ये तो सॅक्रामेंटोच्या दप्तरीही नोंदला गेला, परंतु तेथे एकही सामना न खेळता मोकळा झाला.

या भ्रमंतीत त्याच्या पदरी जे पडले त्याचे मोल पगाराच्या आकड्यांत होणारे नव्हते. लेकर्समध्ये फिल जॅक्सन, वॉशिंग्टनला डग कॉलिन्स, ओरलँडोला डॉक रिव्हर्स, ह्यूस्टनला जेफ व्हॅन गंडी, मिलवॉकीला स्कॉट स्काइल्स, आणि अखेरीस ओरलँडोलाच जेफचा भाऊ स्टॅन व्हॅन गंडी, अशा भिन्न प्रकृतीच्या गुरूंच्या हाताखाली तो वावरला. प्रत्येकाची व्यूहरचना निराळी, परिभाषा निराळी, शिस्तीची कल्पनाही निराळी. ज्या तारांकित खेळाडूभोवती संघाची रचनाच उभी केलेली असते, त्याला ती मुळाक्षरांपासून शिकण्याची निकड फारशी भासत नाही. परंतु ज्याला कोणत्या क्षणी, कोणाच्या जागी बोलावतील याचा भरवसा नाही, त्या राखीव गार्डला पाचही जागांची कर्तव्ये मुखोद्गत ठेवावी लागतात, कारण एक चूक झाली की पुढील हंगामाचा करार धोक्यात येतो. अशा रीतीने पोटापाण्यासाठी केलेला अभ्यासच पुढे प्रशिक्षकपदाची पूर्वतयारी ठरतो.

ल्यूचे नाव सर्वसामान्य प्रेक्षकाला ठाऊक झाले ते मात्र एका मानहानीच्या दृश्यामुळे, आणि त्या दृश्याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. २००१ च्या अंतिम मालिकेत फिलाडेल्फियाच्या ॲलन आयव्हरसन या विजेसारख्या चपळ खेळाडूशी लेकर्सची गाठ होती, आणि त्याच्याविरुद्धच्या तयारीसाठी सरावात आयव्हरसनची भूमिका ल्यूकडे आली. म्हणजे प्रतिस्पर्ध्याची चाल, त्याचे थांबणे, त्याचे वळणे आपल्या अंगात उतरवून सहकाऱ्यांना दाखवणे, हे काम त्याने केले. ६ जूनच्या पहिल्या सामन्यात आयव्हरसनने पूर्वार्धातच ३० गुण केले. उत्तरार्धात त्याला रोखण्यासाठी ल्यूला उतरवण्यात आले, तेव्हा त्या मुसंडीला पायबंद बसला. परंतु जादा वेळेत आयव्हरसनने चेंडू टोपलीत घातला, ल्यू पडला, आणि आयव्हरसन त्याला ओलांडून ऐटीत पुढे गेला. जगाने तेवढेच चित्र लक्षात ठेवले. लेकर्सने पुढचे चारही सामने जिंकून अजिंक्यपद मिळवले. दुसऱ्याचा खेळ इतक्या बारकाईने वाचणे हेच तर प्रशिक्षकाचे निम्मे काम, आणि ते ल्यू चोवीस वर्षांचा असताना करीत होता.

२००९ मध्ये खेळणे थांबताच डॉक रिव्हर्सने त्याला बोस्टनमध्ये बास्केटबॉल विकास संचालक म्हणून रुजू करून घेतले. हुद्दा भारदस्त, काम मात्र उमेदवारीचे. तेथून सहायक प्रशिक्षक, मग रिव्हर्सबरोबरच लॉस एंजेलिस क्लिपर्स, आणि २०१४ मध्ये क्लीव्हलँड, अशा पायऱ्या तो चढला. क्लीव्हलँडला मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी त्याचा विचार झाला होता; पण ती डेव्हिड ब्लॅटला मिळाली आणि ल्यू त्याचा दुय्यम झाला. जानेवारी २०१६ मध्ये, ३० विजय आणि ११ पराभव अशी स्थिती असतानाही, ब्लॅटला बडतर्फ करून ल्यूच्या हाती सूत्रे देण्यात आली.

त्या वर्षीच्या अंतिम मालिकेत हंगामात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटने ३-१ अशी आघाडी घेतली होती, आणि अंतिम मालिकेत तेवढी पिछाडी त्यापूर्वी कोणीही भरून काढली नव्हती. क्लीव्हलँडने ती भरून काढली. सातव्या सामन्याच्या मध्यंतरात ४९-४२ अशी पिछाडी असताना ल्यूने लब्रॉन जेम्सला, त्या काळच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूला, तू याहून चांगले खेळले पाहिजेस असे सर्वांदेखत सुनावले. जेम्स दुखावला, आणि उत्तरार्धात त्याने सामना फिरवला. ९३-८९ असा तो जिंकला, आणि क्लीव्हलँड शहराला ५२ वर्षांनी मोठ्या क्रीडाप्रकारातील अजिंक्यपद लाभले. ही निर्भयता कोठून आली? शकील ओनील आणि कोबी ब्रायंट यांच्यासमवेत तीन हंगाम आणि मायकेल जॉर्डनबरोबर दोन हंगाम काढलेल्या माणसाला मोठेपणाचे भय उरत नाही. मोठ्यांना स्पष्ट बोलणे चालते, नव्हे हवे असते, हे त्याने जवळून पाहिलेले असते.

याचा अर्थ थोर खेळाडू प्रशिक्षक होऊच शकत नाहीत असा नव्हे. बिल रसेलने खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी नात्याने अजिंक्यपदे मिळवली, आणि लॅरी बर्डने इंडियानाला २००० मध्ये अंतिम मालिकेपर्यंत नेले. पण मॅजिक जॉन्सनसारख्या प्रतिभावंताने १९९४ मध्ये लेकर्सची धुरा १६ सामन्यांनंतर, त्यांपैकी ११ गमावून, खाली ठेवली. ज्याला सारे अंतःप्रेरणेने दिसते, त्याला ते न दिसणाऱ्याची अडचण उमगणे कठीण जात असावे.

जेम्स निघून गेल्यावर २०१८ च्या हंगामातील पहिले सहाही सामने हरताच ल्यूलाही क्लीव्हलँडने काढले. अजिंक्यपद मिळवलेला हा माणूस पुढच्याच वर्षी क्लिपर्समध्ये रिव्हर्सच्या हाताखाली पुन्हा सहायक म्हणून बसला, आणि २०२० मध्ये रिव्हर्स गेल्यावर त्याच्या जागी आला. २०२१ मध्ये यूटाविरुद्धच्या बाद फेरीच्या मालिकेत त्याचा प्रमुख खेळाडू क्वाय लेनर्ड गुडघा दुखावल्याने बाहेर बसला असता, ल्यूने उंच सेंटरला बाजूला ठेवून पाचही जण दुरून नेम साधणारे उतरवले. टोपलीखाली अभेद्य असलेल्या यूटाच्या रूडी गोबेअरपुढे त्यामुळे पेच पडला: टोपली राखावी, तर कोपऱ्यात उभा असलेला टेरन्स मान मोकळा राहतो, मानकडे धावावे, तर टोपली उघडी पडते. सहाव्या सामन्यात क्लिपर्स २५ गुणांनी मागे होते. मानने ३९ गुण केले आणि १३१-११९ असा विजय मिळवून तो संघ आपल्या इतिहासात प्रथमच विभागीय अंतिम फेरीत गेला. ड्राफ्टमध्ये ४८ व्या क्रमांकावर निवडला गेलेला मान तोवर फारसा कोणाच्या खिजगणतीत नव्हता. राखीव बाकावरील माणसात काय दडलेले असते हे ल्यूला कोणी सांगावे लागले नाही.