लहान रकमेचा ऑनलाइन पोकर

लहान रकमेचा ऑनलाइन पोकर म्हणजे संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर, आंतरजालाच्या साहाय्याने, अत्यंत कमी पैज लावून खेळला जाणारा पोकर होय. पोकर हा पत्त्यांचा खेळ असून त्याचा सर्वाधिक प्रचलित प्रकार ‘टेक्सास होल्डम’ या नावाने ओळखला जातो. नवशिके खेळाडू सामान्यतः सर्वांत लहान रकमेच्या टेबलांपासून सुरुवात करतात. या पातळीवर कौशल्य वाढवणे शक्य असते. मात्र त्या कौशल्याचे फळ फार उशिरा दिसते आणि त्याचा मोठा वाटा शुल्कात व करात जातो. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. त्यामुळे येथील जिज्ञासूंसाठी हा विषय आता मुख्यत्वे अभ्यासाचा उरला आहे.

खेळाची रीत

टेक्सास होल्डममध्ये प्रत्येक खेळाडूला दोन पत्ते मिळतात व ते इतरांना दिसत नाहीत. त्यानंतर टेबलाच्या मध्यभागी पाच सामाईक पत्ते टप्प्याटप्प्याने उघडले जातात. पहिल्या तीन पत्त्यांना ‘फ्लॉप’, चौथ्याला ‘टर्न’ आणि पाचव्याला ‘रिव्हर’ म्हणतात. आपले दोन आणि सामाईक पाच अशा सात पत्त्यांतून सर्वोत्तम पाच पत्त्यांचा हात तयार करावयाचा असतो. पत्ते वाटल्यावर आणि प्रत्येक टप्प्यानंतर पैज लावली जाते. त्या वेळी खेळाडू डाव सोडू शकतो (फोल्ड), समोरच्याइतकी रक्कम भरू शकतो (कॉल) किंवा रक्कम वाढवू शकतो (रेझ). जमलेल्या एकूण रकमेस ‘पॉट’ म्हणतात. तीन पत्तीत प्रत्येक जण सुरुवातीला ‘बूट’ भरतो. पोकरमध्ये मात्र आळीपाळीने केवळ दोन खेळाडूंना सक्तीची रक्कम भरावी लागते. त्या रकमांना ‘लहान ब्लाइंड’ व ‘मोठा ब्लाइंड’ अशी नावे आहेत. टेबलाची पातळी याच रकमांवरून ओळखली जाते. उदाहरणार्थ, १ व २ रुपये ब्लाइंड असलेले टेबल लहान रकमेचे मानले जाते.

मराठी घरांतून पाच-तीन-दोन, मेंढीकोट, झब्बू, बदाम सात, रमी हे खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळले जातात. मेंढीकोट किंवा पाच-तीन-दोन यांत कोणते पत्ते पडून गेले हे ध्यानात ठेवणारा खेळाडू वरचढ ठरतो. पोकरमध्ये स्मरणशक्तीचा असा उपयोग होत नाही, कारण सोडलेले पत्ते उघड केले जात नाहीत आणि प्रत्येक डावाला पत्ते नव्याने पिसले जातात. येथे अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावा लागतो. समोरच्याने किती पैज लावली, केव्हा लावली आणि तो कोठे बसला आहे, एवढ्यावरूनच त्याच्या हातातील पत्त्यांचा अंदाज बांधावयाचा असतो.

नवशिक्यांच्या सामान्य चुका

तीन पत्ती खेळून पोकरकडे वळलेल्या खेळाडूची पहिली गफलत हातांच्या क्रमवारीत होते. तीन पत्तीत क्रम (सिक्वेन्स) हा रंगापेक्षा (कलर) मोठा असतो. पोकरमध्ये रंग क्रमापेक्षा मोठा असतो. याचे कारण गणितात आहे. तीन पत्त्यांच्या २२,१०० संभाव्य हातांत साधे क्रम ७२० आणि रंग १,०९६ असतात. पाच पत्त्यांच्या २५,९८,९६० संभाव्य हातांत साधे क्रम १०,२०० असतात, तर रंग केवळ ५,१०८. क्रम व रंग यांच्या बाबतीत जे दुर्मीळ, ते मोठे हा नियम दोन्ही खेळांत एकच आहे.

दुसरी चूक म्हणजे फार जास्त डाव खेळणे. पत्ते हाती आले की खेळावेसे वाटणे स्वाभाविक आहे. ५२ पत्त्यांतून दोन पत्त्यांचे १,३२६ हात संभवतात. प्रकार पाहिले तर ते १६९ भरतात आणि त्यांतील बहुसंख्य सोडून देण्याजोगे असतात. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. कोणतीही जोडी १७ डावांत एकदा येते. चांगल्या पत्त्यांची वाट पाहण्याचा कंटाळा हेच नवशिक्याच्या तोट्याचे सर्वांत मोठे कारण असते.

तिसरी चूक निकालावरून निर्णयाची परीक्षा करण्याची. एक्क्यांच्या जोडीसमोर राजांची जोडी आली आणि दोघांनी सगळी रक्कम लावली, तर एक्के सुमारे ८२ टक्के वेळा जिंकतात. उरलेल्या वेळी, म्हणजे पाच-सहा वेळांतून एकदा, ते हरतात. हरलेल्या खेळाडूचा निर्णय चुकलेला नसतो आणि जिंकलेला खेळाडू बरोबर खेळला असे म्हणता येत नाही. हरल्यानंतर रागाच्या भरात अविचाराने खेळत राहण्यास ‘टिल्ट’ म्हणतात.

सुधारणेचे मार्ग

सुरुवातीचे पत्ते आणि बसण्याची जागा : प्रत्येक डावात पैज लावण्याचा क्रम ठरलेला असतो. शेवटी बोलणाऱ्याला आधीच्या सर्वांचे निर्णय कळलेले असतात, म्हणून तो अधिक प्रकारच्या हातांनिशी खेळू शकतो. आरंभी बोलणाऱ्याने मोजकेच हात खेळावेत, हा नवशिक्याने शिकावयाचा पहिला नियम मानला जातो.

पॉटचे गणित : समजा, पॉटमध्ये ३० रुपये आहेत आणि समोरच्याने १५ रुपयांची पैज लावली. आता आपल्याला १५ रुपये भरून एकूण ६० रुपयांच्या पॉटसाठी खेळावयाचे आहे. म्हणजे आपण किमान २५ टक्के वेळा जिंकणार असू, तरच रक्कम भरणे परवडते. आपल्याकडे व फ्लॉपवर मिळून बदामाचे चार पत्ते असतील, तर न पाहिलेल्या ४७ पत्त्यांत ९ बदाम उरतात. पुढच्या एका पत्त्यावर रंग पूर्ण होण्याची शक्यता ९ भागिले ४७, म्हणजे सुमारे १९ टक्के भरते. केवळ या हिशेबाने पाहता डाव सोडणे योग्य ठरते. मात्र दोन्ही उरलेले पत्ते अधिक रक्कम न भरता पाहता येणार असतील, तर ही शक्यता सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत जाते आणि निर्णय उलटतो. शालेय संभाव्यतेपलीकडचे गणित यात नाही. ते काही सेकंदांत करण्याचा सराव मात्र लागतो.

नोंदी आणि उजळणी : ऑनलाइन खेळात प्रत्येक डावाचा तपशील जतन होऊ शकतो. खेळ संपल्यावर, मन शांत असताना, निवडक डाव पुन्हा तपासणे हा सुधारणेचा सर्वांत खात्रीचा मार्ग समजला जातो. तपासताना ‘मी जिंकलो का’ हा प्रश्न गौण असतो. ‘त्या क्षणी मला जे ठाऊक होते त्यावरून निर्णय योग्य होता का’, हा प्रश्न महत्त्वाचा.

रकमेची शिस्त : खेळासाठी वेगळ्या ठेवलेल्या रकमेस ‘बँकरोल’ म्हणतात. तिचा अगदी लहान हिस्साच एका वेळी टेबलावर न्यावा आणि घरखर्चाच्या पैशाला हात लावू नये, असे या विषयावरील बहुतेक मार्गदर्शक सांगतात.

कौशल्य, नशीब आणि डावांची संख्या

पोकरमधील सुधारणा मोजणे कठीण असते. खेळाडूचा नफा-तोटा दर १०० डावांमागे किती मोठे ब्लाइंड, या मापाने सांगितला जातो. सहा जणांच्या टेबलावर दर १०० डावांमागे निकालातील प्रमाण विचलन साधारणपणे ८० ते १०० मोठ्या ब्लाइंडांचे असते. एखादा खेळाडू खरोखर कुशल आहे आणि दर १०० डावांत सरासरी ५ ब्लाइंड मिळवतो, असे मानू. १०,००० डावांनंतर त्याचा अपेक्षित नफा ५०० ब्लाइंड असतो. प्रमाण विचलन मात्र सुमारे ९०० असते. म्हणजेच एवढे डाव खेळूनही असा कुशल खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता दहात जवळजवळ तीन इतकी राहते. एक लाख डावांनंतर ती सुमारे ४ टक्क्यांवर येते.

एका टेबलावर तासाला साधारण ७५ डाव होतात असे धरले, तर १०,००० डावांस सुमारे १३३ तास लागतात आणि एक लाख डावांस १,३०० तासांहून अधिक. आठवडाभर जिंकल्यामुळे स्वतःस निष्णात समजणारा आणि महिनाभर हरल्यामुळे निराश झालेला, हे दोघेही अपुऱ्या पुराव्यावर निष्कर्ष काढत असतात. अकुशल खेळाडूलाही याच कारणाने अनेक महिने आपण जिंकणारे आहोत असे वाटू शकते.

शुल्क आणि कर

खेळ चालवणारी कंपनी प्रत्येक पॉटमधून ठरावीक टक्के रक्कम कापून घेते. तिला ‘रेक’ म्हणतात. वर उल्लेखिलेल्या १ व २ रुपयांच्या टेबलावर १०० डावांपैकी ६० डाव फ्लॉपपर्यंत गेले, त्यांतील सरासरी पॉट ३० रुपयांचा होता आणि रेक ५ टक्के होता, असे समजू. प्रत्येक पॉटमधून दीड रुपया, म्हणजे एकूण ९० रुपये टेबलावरून नाहीसे होतात. सहा जणांत विभागल्यास प्रत्येकाच्या वाट्याला १५ रुपये, म्हणजे साडेसात मोठे ब्लाइंड येतात. अशा स्थितीत इतरांपेक्षा ५ ब्लाइंडांनी सरस असलेला खेळाडूही अखेरीस अडीच ब्लाइंडांच्या तोट्यात जातो. मोठ्या रकमेच्या टेबलांवर रेकला बहुधा कमाल मर्यादा असल्याने त्याचा भार तुलनेने कमी होतो. लहान रकमेच्या खेळाडूचा सर्वांत बळकट प्रतिस्पर्धी म्हणूनच टेबलावर बसलेला नसतो.

भारतात यात करांची भर पडली. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांतील निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर उगमस्थानी कापण्याची तरतूद लागू झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जाऊ लागला. कर धरून १,००० रुपये भरल्यास त्यातील सुमारे २१९ रुपये पहिला डाव वाटण्यापूर्वीच कमी होत. काही कंपन्या ही तूट सवलतींच्या रूपाने भरून देत असत.

कायदेशीर स्थिती

महाराष्ट्रात जुगाराविषयीचा मूळ कायदा १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम हा होय. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यातून वगळण्यात आले होते. कोणता खेळ कौशल्याचा, हा वाद त्यामुळे न्यायालयांत वारंवार गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला आणि तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ नशिबाचा ठरवला. पोकरबाबत मात्र एकवाक्यता झाली नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरवला, तर अन्य काही उच्च न्यायालयांनी कौशल्याच्या बाजूने मत दिले. गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यातील पुढील दुरुस्त्यांमुळे परवानाधारक कॅसिनो चालतात. महाराष्ट्रात कॅसिनोंविषयीचा १९७६ चा कायदा कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला.

जुलै २०२५ मध्ये नाशिक जिल्ह्यातील सिन्नरचे आमदार व तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे हे विधिमंडळाच्या सभागृहात भ्रमणध्वनीवर रमी खेळत असल्याचा आरोप एका चित्रफितीवरून झाला. त्यांनी तो नाकारला; महिनाअखेरीस त्यांचे खाते बदलण्यात आले. या प्रकरणामुळे पैशाच्या ऑनलाइन खेळांची चर्चा राज्यभर झाली.

ऑनलाइन खेळांविषयीचे केंद्रीय विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत व दुसऱ्या दिवशी राज्यसभेत संमत झाले आणि २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने कौशल्य की नशीब हा जुना भेदच बाजूला ठेवला; पैसे लावून खेळावयाचा कोणताही ऑनलाइन खेळ त्याच्या कक्षेत येतो. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केवळ खेळणाऱ्यास शिक्षा सांगितलेली नाही. यानंतर देशातील प्रमुख कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले. कायद्यास उच्च न्यायालयांत आव्हान दिले गेले. त्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

अभ्यासविषय म्हणून पोकर

पैशाशिवायही पोकरचा गंभीर अभ्यास होतो. अपुऱ्या माहितीवर घ्यावयाच्या निर्णयांचा नमुना म्हणून गणित व संगणकशास्त्रात त्याला स्थान आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या ‘सेफियस’ या संगणक-प्रणालीने २०१५ मध्ये दोन खेळाडूंचा, पैजेवर मर्यादा असलेला होल्डम व्यवहारतः सोडवला. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ने २०१७ मध्ये अमर्याद पैजेच्या दोघांच्या खेळात व्यावसायिक खेळाडूंना हरवले, तर २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ने सहा जणांच्या खेळात तशीच कामगिरी केली. नवशिक्यास पॉटचे गणित, जागेचे महत्त्व आणि डावांची उजळणी ही कौशल्ये काल्पनिक चिपांवरही शिकता येतात. मात्र गमावण्यासारखे काही नसल्याने तेथे खेळाडू बेफिकीरपणे पैज लावतात, ही त्या सरावाची मर्यादा आहे.

व्यसनाचा धोका

गेलेली रक्कम परत मिळवण्यासाठी खेळत राहणे, खेळाविषयी घरात खोटे बोलणे, उसनवारी करणे आणि खेळ थांबवल्यास अस्वस्थ होणे ही जुगाराच्या व्यसनाची लक्षणे मानली जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात या विकाराची स्वतंत्र नोंद आहे. लहान रकमेचा खेळ निरुपद्रवी वाटतो. परंतु रक्कम लहान असली तरी डाव वेगाने होतात आणि टेबल दिवसरात्र खुले असते. ‘मी अजून शिकतो आहे’ हे कारण अभ्यासूला जसे लागू पडते, तसेच ते व्यसनाधीनालाही सोयीचे असते. दोघांतील फरक नोंदवहीत दिसतो : पहिला आपला तोटा लिहून ठेवतो, दुसरा तो लिहिण्याचे टाळतो. मानसिक साहाय्यासाठी केंद्र शासनाची ‘टेली मानस’ ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

हे सुद्धा पहा

रमी
तीन पत्ती
संभाव्यता
प्रमाण विचलन
गंजिफा