आळंदचे ६,०१८ अर्ज आणि संख्याशास्त्राची कसोटी

निवडणुकीतील लबाडी केवळ आकड्यांवरून ओळखता येते काय, असे डॉक्टर मित्र मला अनेकदा विचारतात. उत्तरासाठी दूर जावयास नको; आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद मतदारसंघ पुरेसा आहे.

प्रथम रूढ पद्धतींविषयी. बेनफर्डच्या नियमानुसार अनेक प्रकारच्या आकडेवारीत आरंभीचा अंक १ असण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के असते. हा नियम केंद्रवार मतांना लावण्याचा मोह पुष्कळांना होतो. मला तो अनाठायी वाटतो. एका केंद्रावरील मतदार साधारण हजाराच्या आसपास. प्रबळ उमेदवाराला बहुतेक ठिकाणी तीनशे ते पाचशे मते पडली, तर आरंभी ३ वा ४ येणारच. त्यात लबाडी कसली? शेवटच्या अंकाची कसोटी त्या मानाने बरी. खऱ्या मोजणीत तेथे ० ते ९ जवळजवळ सारखेच आढळतात. मनाने आकडे रचणाऱ्यास ही समता सहसा साधत नाही.

परंतु या कसोट्या मोजलेल्या मतांच्या. नावच यादीतून गेले, तर मतांचे आकडे निर्दोषच दिसतील. आळंदमध्ये २०१८ चा निकाल अवघ्या ६९७ मतांनी लागला होता. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी तेथे नावे वगळण्यासाठी ‘नमुना ७’ चे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. पडताळणीत केवळ २४ खरे ठरले, ५,९९४ खोटे. आपल्या भाषेत सांगायचे, तर चाचणी होकारार्थी आलेल्यांत प्रत्यक्ष रुग्ण अर्धा टक्काही नव्हते. खोट्या अर्जांवरील नावे वाचली व फेब्रुवारी २०२३ मध्ये गुन्हा नोंदला गेला.

सप्टेंबर २०२५ मध्ये राहुल गांधी यांनी आरोप केला, की अर्जदार म्हणून केंद्राच्या यादीतील पहिल्याच मतदाराचे नाव ठिकठिकाणी वापरले होते. हजार नावांतून सहज निवडलेला अर्जदार पहिलाच निघण्याची शक्यता हजारात एक; दोन केंद्रांत तसे घडण्याची दहा लाखांत एक. हे खरे असेल, तर योगायोग म्हणवत नाही. आयोगाने आरोप फेटाळले. नावे वगळण्याचा प्रयत्न फसला व तक्रार आपल्याच अधिकाऱ्यांनी दिली, असे सांगितले.

मात्र संभाव्यता फार तर संशय सांगते, हात कोणाचा ते नव्हे. ते आयपी पत्ते, मोबाइल क्रमांक व ओटीपीच्या नोंदींवरूनच कळावयाचे. आपल्याकडील माहिती सप्टेंबर २०२३ मध्येच पोलिसांना दिल्याचे आयोग सांगतो. राज्याच्या तपास यंत्रणेने त्यानंतरही अधिक तांत्रिक तपशील मागितला, आणि २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने विशेष तपास पथक नेमले.