घण उचलण्याआधी

१ जूनला कोकणच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते. बोटी वर ओढून शाकारल्या जातात, जाळी दुरुस्तीला निघतात, आणि बोटींच्या जिवावर धंदा करणाऱ्या पिकअप गाड्याही अंगणात, गल्लीत, माडाखाली उभ्या राहतात. बोटींची काळजी सगळे घेतात, पिकअपची कोणी घेत नाही. ड्रायव्हर हँडब्रेक वर ओढतो, दार लावतो आणि निघून जातो. मग पाऊस. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त जून-जुलैतच कोसळतो. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला बर्फ आणि माशांचे क्रेट पुन्हा भरायची वेळ येते. गाडी चालू होते, पहिला गिअर पडतो, क्लच सुटतो, गाडीचा मागचा भाग खाली दबतो आणि चाक जागचं हलत नाही.

मिरकरवाडा बंदराच्या बाजूला एका गॅरेजात मला हे काम जवळून बघायला मिळालं. मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. गाडी जुनी, हौद्याचा पत्रा कडेने खाल्लेला. गल्लीतून टोचन लावून आणताना तिचं मागचं उजवं चाक फिरलंच नव्हतं, चिखलात फरफटत आलं होतं. मालक घाईत होता. त्याचा आग्रह एवढाच होता, की घण घ्या आणि ठोकून काढा. चाचांनी घण भिंतीला टेकवून ठेवला आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायला हाताखालच्या पोराला सांगितलं.

मासे वाहणाऱ्या गाडीचा मागचा ॲक्सल इतर गाड्यांपेक्षा लवकर का सडतो, हे हौद्याखाली वाकून पाहिलं की कळतं. क्रेटमधला बर्फ वितळतो, माशांचं खारं पाणी त्यात मिसळतं आणि हौद्याच्या फटींतून थेंबाथेंबाने मागच्या चाकांच्या आतल्या बाजूवर गळत राहतं. मीठ असलेल्या पाण्यातून वीज चांगली वाहते, त्यामुळे लोखंड गंजण्याची क्रिया वेग घेते. शिवाय गंज जागा जास्त घेतो. जेवढ्या लोखंडाचा तो होतो त्याच्या दुपटीहून अधिक जागा त्याला लागते. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत घट्ट बसतं, तसाच ड्रम हबवर बसतो. फरक इतकाच, की दार दिवाळीनंतर सुटतं, ड्रम आपण होऊन सुटत नाही.

जॅक लावून, ॲक्सलखाली दोन्हीकडे स्टँड देऊन चाचांनी मागची दोन्ही चाकं अधांतरी केली आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली. डावं चाक हाताने फिरवलं, ते फिरलं आणि त्याबरोबर खालचा प्रोपेलर शाफ्टही फिरला. उजवं चाक मात्र ढिम्म. म्हणजे डिफरन्शियल ठीक आहे, गिअरबॉक्स ठीक आहे, अडलंय ते उजव्या ड्रममध्येच. मालकाला हे आधीच माहीत होतं, पण चाचांना ते हाताने बघायचं होतं.

चाक उतरवल्यावर ओतीव लोखंडाचा, गंजाने विटकरी झालेला ड्रम दिसला. चाचा पोराला म्हणाले, "धरलंय कोणी, ते आधी बघायचं. मारायचं मग."

या एका वाक्यात सगळं काम आहे. ड्रम तीन ठिकाणी धरला जाऊ शकतो आणि तिन्हींची सोडवणूक वेगळी असते. आतले ब्रेक शू, म्हणजे लायनर बसवलेल्या दोन अर्धगोल कमानी, ड्रमच्या आतल्या भिंतीला चिकटले असतील तर ड्रम फिरतच नाही. हबच्या मधल्या गोल उंचवट्यावर गंज धरला असेल तर ड्रम फिरतो, पण बाहेरच्या दिशेने केसभरही सरकत नाही. आणि ड्रमच्या कडेला पायरी पडली असेल तर तो थोडा बाहेर येतो, मग आतून स्प्रिंगसारखा ओढला जाऊन थांबतो. फिरत नाही, सरकत नाही, थोडा सरकून अडतो: या तीन खुणा हाताला कळल्या की कुठलं हत्यार उचलायचं हे ठरतं. घण घेऊन बसणाऱ्याला या तिन्ही गोष्टी सारख्याच वाटतात. त्यात व्हील स्टड वाकतात, ड्रमचे टवके उडतात, शू जागेवर धरून ठेवणाऱ्या बारीक पिना बॅकप्लेटमधून उपटून येतात. ड्रम निघतो खरा, पण मालकाच्या खिशातून आणखी चार गोष्टी जातात. घाई करणाऱ्या मालकांनी हे एकदा उभं राहून बघावं असं मला मनापासून वाटतं.

हा ड्रम फिरत नव्हता. चाचा गाडीखाली गेले. हँडब्रेकचा दांडा खाली होता, पण चाकाजवळची केबल अजून ताणलेलीच होती. केबलच्या आतली तार बाहेरच्या नळीत गंजून बसली होती, त्यामुळे दांडा सोडला तरी तार परत जात नव्हती आणि शू दोन महिने दाबलेल्या अवस्थेतच राहिले होते. केबल जिथे नटने कसलेली असते तिथे तारेच्या ब्रशने आटे साफ केले, तेल सोडलं, नट ढिला केला. केबल लोंबकळली. ड्रम तरीही फिरेना, कारण आता लायनर आणि ओतीव लोखंड यांच्यामध्येच गंजाचा थर तयार झाला होता. मग मात्र हातोडा निघाला, घण नव्हे. ड्रमच्या सपाट तोंडावर, दोन स्टडच्या मधल्या जागेत, गोलाकार फिरत मध्यम ठोके. कडेवर एकही नाही. ओतीव लोखंड दाब सोसतं, पण कडेला बसलेला फटका त्याला चिरा पाडतो. मग दोन स्टडमध्ये पहार अडकवून ड्रम थोडा पुढे, थोडा मागे रेटला. आतून कट्ट असा आवाज आला आणि ड्रम जड का होईना, फिरला.

आता तो बाहेर ओढून पाहिला. हलला नाही. म्हणजे दुसरी पकड, हबची.

इथे कामाचा वेग मुद्दाम मंदावला. मधल्या गोलाभोवतीचा गंज ब्रशने खरवडून काढला आणि त्या बारीक फटीत गंज सोडवणारं तेल मारलं. तेल फटीत आपोआप ओढलं जातं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. चाचा तेवढ्यात डाव्या चाकाकडे वळले. परत आल्यावर त्यांनी ड्रमच्या तोंडावरची दोन आटे पाडलेली भोकं शोधली. पुष्कळ गाड्यांच्या ड्रमला अशी भोकं असतात आणि ती कशासाठी आहेत हे पुष्कळ मालकांना ठाऊक नसतं. त्यांत बोल्ट फिरवत नेला की त्याचं टोक मागच्या हबला टेकतं आणि ड्रम बाहेर ढकलला जातो. भोकं गंजाने भरलेली होती. आधी टॅप फिरवून आटे मोकळे केले, मग ग्रीस लावलेले दोन बोल्ट घातले. इकडे थोडा फिरवायचा, मग तिकडे तेवढाच. एकच बोल्ट नेला तर ड्रम तिरका होतो आणि आणखी घट्ट धरतो. दोन्ही बोल्ट ताणले गेल्यावर चाचांनी पाना खाली ठेवला आणि स्टडच्या मध्ये पुन्हा ठोके दिले. बोल्टचा ताण आणि हातोड्याची थरथर एकत्र आली की गंजाची पकड तुटते. नुसता ताण दिला तर आटे जातात.

गॅसची ज्योत गॅरेजात होती, पण त्यांनी ती पेटवली नाही. ड्रमची मधली बाजू तापवली की भोक प्रसरण पावतं आणि पकड सुटते, हे खरं. पण तेल मारलेल्या ड्रमवर ज्योत धरली तर आग लागते, आणि उष्णता आत गेली तर व्हील सिलिंडरचे रबर आणि ॲक्सलचं ऑइल सील दोन्ही जळतात. इतर सगळे उपाय थकल्यावरच ती वापरायची, तीही तेल पुसून.

ड्रम बोटभर बाहेर आला आणि थांबला. तिसरी पकड. लायनर ड्रमच्या अगदी कडेपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं मधली भिंत झिजते, कड तशीच राहते आणि त्यांच्यामध्ये पायरी पडते. वर त्या पायरीवर गंज चढतो. आतले शू फाकलेले असताना ड्रम ओढला की ते या पायरीला अडकतात. इथे जोर लावणं म्हणजे आतलं सगळं मोडणं. चाचांनी बॅकप्लेटच्या मागचं रबरी बूच काढलं, त्या खाचेतून एका स्क्रू ड्रायव्हरने ॲडजस्टरची, म्हणजे शू फाकवणाऱ्या-मिटवणाऱ्या भागाची, पट्टी बाजूला धरली आणि दुसऱ्याने दातेरी चाकी एकेक दाता मागे फिरवली. दोन-चार दाते फिरवायचे आणि ड्रम हाताने फिरवून बघायचा. तो जड झाला तर दिशा उलटी आहे. तो हलका होत गेला. मग दोन्ही हातांनी थोडा डोलवल्यावर ड्रम अलगद बाहेर आला.

आत काळपट पूड साचली होती. पोराने सवयीने हवेचा पाइप उचलला. चाचांनी त्याचा हात धरला. कामाच्या सगळ्या वेळात त्यांचा आवाज एवढा एकदाच चढला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या वापरावर आजही सरसकट बंदी नाही, आणि बाजारातल्या स्वस्त लायनरमध्ये काय आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. हवेने उडवलेले त्याचे बारीक तंतू फुप्फुसात जाऊन बसतात, आणि त्यातून होणारा कर्करोग दिसायला काही दशकं जातात. आज सोळा-सतरा वर्षांचा असलेला पोरगा चाळिशी ओलांडेपर्यंत काहीच कळणार नाही. चाचांनी साबणाचं पाणी मागवलं, सगळं भिजवलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं. या कामात सर्वांत कौशल्याची जागा कोणती असेल ती असो, सर्वांत महत्त्वाची जागा मला हीच वाटते.

पुढचं काम सरळ होतं. सिलिंडरचं रबरी बूट उचलून पाहिलं तर आतून ब्रेक ऑइल पाझरत होतं, म्हणून सिलिंडर नवा. तेलाने भिजलेला लायनर धुऊन परत वापरता येत नाही. शू दोन्ही चाकांचे एकदम बदलले, कारण एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. ड्रमवर ओतीव अक्षरांत त्याचा कमाल व्यास दिलेला असतो. लेथवर पायरी उतरवल्यावरही माप त्या आकड्याच्या आत भरलं, तरच ड्रम परत बसतो. हा भरला. हबचा गंज घासून काढून तिथे अँटीसीझ ग्रीसचा अगदी पातळ हात दिला, लायनरला त्याचा स्पर्श होणार नाही इतका जपून. ड्रम बाहेर असताना ब्रेकच्या पेडलला कोणी पाय लावू नये म्हणून चाचांनी केबिनची चावी स्वतःकडे ठेवली होती. पेडल दाबलं तर सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडतात.

मालकाने विचारलं, पुढचे ब्रेक आहेत ना, मागच्याचा एवढा उपद्व्याप कशाला? रिकाम्या पिकअपला ते बोलणं थोडंफार लागू पडेल. भरलेल्या गाडीचं वजन मागच्या चाकांवर येतं आणि हँडब्रेकही बहुतेक पिकअपला मागेच असतो. हीच गाडी कोल्हापूरला मासे टाकून भाजी भरते आणि आंबा घाट उतरते. तिथे मागचा ड्रम नीट धरतोय की नाही, याला फार किंमत आहे.

बंदीच्या काळात गाडी उभी करणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. शेवटची खेप टाकल्यावर हौद्याखालचा ॲक्सल गोड्या पाण्याने धुवा, मग थोडं अंतर गाडी चालवून ब्रेक मारत ते सुकवा. सपाट जागेवर, पहिल्या गिअरमध्ये, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून उभी करा आणि हँडब्रेक खालीच ठेवा. आठवड्यातून एकदा ती चार हात पुढे-मागे हलवा. एवढं करूनही चाक धरलंच, तर मिस्त्रीला घण मारायला सांगू नका. ड्रम फिरतोय का, एवढं आधी विचारा.